अहवालात न सापडलेली पडदी

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा लिहिलेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे : ‘आम्हाला आढळले नाही.’ एवढंच. पुढे तारीख, खाली सही. या तीन शब्दांच्या भरवशावर बोईसरच्या कारखानदारांनी नवी यंत्रं बसवली, जाहिराती केल्या, पेढे वाटले. एकदा मात्र हेच तीन शब्द मी चुकीच्या जागी लिहिले. ती हकिकत सांगायची म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे. बाकीचं सगळं तिच्यापर्यंत पोचण्यापुरतं.

माझं काम काय होतं ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या नणंदेलाही ते अजून कळलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते, ‘आमची वहिनी शास्त्रज्ञ आहे.’ मी शास्त्रज्ञ नाही. मी कसलाही शोध लावलेला नाही. दुसऱ्यानं लावलेला शोध त्याच्याआधी कुणी लावला होता का, हे मी शोधत असे. बोईसर स्टेशनच्या पूर्वेला एका हार्डवेअरच्या दुकानावर आमची कचेरी होती. आमचे साहेब पेटंटचे अर्ज लिहीत आणि मी नोंदी चाळत असे. खाली खिळे वजनावर विकले जात आणि वर कल्पना, असं साहेब गमतीनं म्हणायचे.

पेटंट म्हणजे सरकारशी केलेला एक सौदा. तुम्ही तुमची युक्ती जगाला उघड करून सांगायची आणि त्याच्या बदल्यात वीस वर्षं ती तुमच्या परवानगीशिवाय कुणी वापरायची नाही. अट एकच महत्त्वाची : युक्ती नवी हवी. जगात कुठेही ती आधी छापली गेली असेल, चारचौघांत वापरली गेली असेल, तर सौदा फिसकटला. म्हणून अर्ज करण्याआधी माझ्यासारखं कुणीतरी बसून जुनी पेटंटं धुंडाळतं. ही सगळी कागदपत्रं खुली असतात. केळव्याच्या आमच्या वाडीत सुपारीच्या झाडाखाली बसून जर्मनीतल्या एखाद्यानं माझ्या आजोबांच्या काळात काढलेलं चित्र मी बघू शकते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. एक गृहस्थ दर सहा महिन्यांनी यायचे आणि छातीशी फाइल धरून बसायचे. ‘माझी कल्पना आधी कुणाला सुचलीय का बघा,’ म्हणायचे. कल्पना काय, विचारलं की फाइल आणखी घट्ट धरायचे. ‘ते कसं सांगू? आधी लिहून द्या की सापडली नाही, मग सांगतो.’ पाच वर्षं ते येत राहिले. फाइलीत काय होतं ते मला आजतागायत ठाऊक नाही.

माझ्या वाट्याला मुख्यतः वाट दाखवणारी साधनं आली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना रस्त्यावरच्या चमकत्या पाट्या बनवायचा. त्यांना धावपट्टीच्या आणि बंदराच्या खुणांमध्येही उतरायचं होतं. डोळ्यांनी बघून दिशा कळावी, यंत्राची गरज पडू नये, अशा साधनांची शेकडो पेटंटं मी त्यांच्यासाठी वाचली. अशा कल्पना घेऊन येणारे बहुतेक वैमानिक किंवा स्वतःला वैमानिक म्हणवणारे असत. म्हणून साहेबांनी पायंडा पाडला : कल्पना तपासायची, तसा माणूसही तपासायचा.

माणूस तपासायचा म्हणजे पाळत ठेवायची नाही. एका परदेशात वैमानिकांची यादी सरकारनंच खुली ठेवली आहे. नाव घातलं की कुणाकडे कुठला परवाना आहे ते दिसतं. विमान चालवण्याचा परवाना वेगळा आणि विमान चालवायला शिकवण्याचा वेगळा, हे मला त्या यादीमुळे कळलं. ही गोष्ट वसाहतीत कळल्यावर एक दिवस एक वडील आले. त्यांची मुलगी उड्डाण शिकायला त्याच देशात निघाली होती आणि तिचा होणारा शिक्षक बोईसरच्या हॉटेलात भाषण देऊन, सगळ्यांबरोबर फोटो काढून गेला होता. मी यादी उघडली. त्या नावाचे दोघे निघाले, एक शिक्षक आणि एक नुसता वैमानिक. गाव ताडून पाहिलं तर भाषणवाले ते नुसते वैमानिक होते. मुलगी दुसऱ्या शाळेत गेली. आता ती स्वतः शिकवते आणि तिचं नाव त्या यादीत शिक्षक म्हणून आहे. मला कंटाळा आला की मी ते पान उघडून बघते आणि पुन्हा कामाला लागते.

कॅप्टन सबनीस आले ते पाट्यांच्या कारखानदारांबरोबर. सत्तरीला टेकलेले, सडपातळ, शर्टाची घडी मोडू न देणारे. निम्मं आयुष्य त्यांनी परदेशात आणि इथे विमान शिकवण्यात घालवलं होतं आणि आता पालघरला बहिणीकडे राहत होते. त्यांची युक्ती अशी होती : पुढे एक फळा, त्याला मधोमध उभी फट. मागे काही अंतरावर दुसरा फळा, त्यावर तीन रंगांचे उभे पट्टे. लांबून येणाऱ्याला फटीतून मधला रंग दिसला तर तो बरोबर रेषेत आहे. डावीउजवीकडे सरकला की फटीतून बाजूचा रंग दिसतो. विमानांसाठी याच्या जोडीला उंची दाखवणारी आडवी फटही त्यांनी आखली होती. दिवा नाही, वीज नाही, काही बिघडायला जागाच नाही. लहान धावपट्ट्यांवर नवशिक्यांना उतरवताना ही त्यांना सुचली होती. कारखानदारांचं म्हणणं, विमानं किती आणि होड्या किती! अर्ज दोन्हींसाठी करू.

मी आधी माणूस तपासला. खरं सांगते, मला संशय होता, कारण इतकी नीट इस्त्री करणारा शोधक मी पाहिला नव्हता. यादीत त्यांचं नाव सापडलं, शिक्षकाच्या परवान्यासकट. पण मुदत केव्हाच संपली होती. मी ते कसं विचारावं या विचारात असताना तेच म्हणाले, “बाई, माझी मुदत संपलेली दिसेल तुम्हाला. तसंच लिहा. नजर अधू झाली म्हणून मीच पुढे वाढवली नाही. शिकवणाऱ्याला दिसलं पाहिजे.” त्या दिवसापासून त्यांच्याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

मग युक्ती तपासली. दोन खुणा एका रेषेत धरून आत शिरायचं, ही गोष्ट तर जगभर जुनी. ती बाजूला ठेवली. फट आणि मागे रंग, तेही साध्या फळ्यांचे आणि बिनदिव्याचे, असं काही आहे का? विमानांचा वर्ग पाहिला, जहाजांचा पाहिला, दिव्यांचा पाहिला. भिंगवाले होते, विजेवर चालणारे होते, पण हे नव्हतं. तीन आठवडे मी त्यावर घालवले. डोळे चुरचुरेपर्यंत वाचलं आणि शेवटी मोठ्या समाधानानं लिहिलं : आम्हाला आढळले नाही. अर्ज गेला. नियमाप्रमाणे दीड वर्षानं तो प्रसिद्ध झाला आणि मी पुढच्या कामाला लागले.

आता हिराबाय. सातपाटीची हिराबाय आमच्या केळव्यात घरोघर मासळी घेऊन येते. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून येते. जगात सगळ्यांना ती ‘तू’ म्हणते आणि मीही तिला तूच म्हणते. एका रविवारी ती आली, पाटी उतरवली, पण पाटीवरचं फडकं काही काढलं नाही.

“तू त्या कागदांच्या हापिसात हाय ना? मंग मला सांग, एखाद्याची पडदी दुसरा कोन येऊन काढू शकतो का?”

“कसली पडदी?”

“आमच्या सासऱ्याची. खाडीच्या तोंडावर हाय ती. ते पाट्यांवाले मच्छीमार सोसायटीत आलते. बोलले, याचा पेटन आमचा हाय, तो हातात आला का तुमची जुनी काढावी लागंल. आमी नवी देऊ, शिमिटाची, पक्की.”

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. “हिराबाय, त्या पडदीला फट आहे का?”

“फट तं हाय. फटीशिवाय कशी दिसंल मागची भित?”

“आणि मागच्या भिंतीवर काय आहे?”

हिराबायनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पापलेट कशाला म्हणतात ते विचारलं. “तीन रंग. तांबडा दिसला का उजवीकडं जायाचा, काला दिसला का डावीकडं, पांढरा दिसला का सरल घरी. आमच्या पोरांना बोलता यायच्या आधी ह्ये येतं.”

ती पडदी मी शंभर वेळा पाहिली होती. सातपाटीला सुक्या मासळीला गेले की तिच्या सावलीला उभी राहत असे. जमिनीवरून ती दिसते ती मोडकळीला आलेल्या कुंपणासारखी : उभ्या फळ्या, मध्ये एक फळी निखळल्यासारखी जागा. मला ती फळी निखळलेलीच वाटायची. कुणी बसवत का नाही, असंही एकदा मनात आलं होतं. चाळीस पावलं मागे मासळी सुकवायच्या जागेची भिंत, तिच्यावर रंग, तेही मी निवडणुकीचे समजले होते. समुद्राच्या बाजूनं मी कधी आलेच नव्हते. जर्मनी पाहिली, जपान पाहिला, आणि घरापासून तासाभरावरची खाडी पाहिली नाही. माझ्या कामाचा मला तोवर जेवढा गर्व होता, तेवढीच त्या दिवशी लाज वाटली.

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही ‘आम्हाला आढळले नाही’ असं लिहिलंत. ‘नाही’ असं लिहिलं नाहीत. म्हणून तर आपण ते वाक्य असं लिहितो. तुमच्यावर काही येत नाही.”

“माझ्यावर काय येतं हा प्रश्नच नाही, साहेब. त्यांची पडदी जाणार आहे.”

“पेटंट अजून मिळालेलं नाही. मिळेपर्यंत कुणी कुणाचं कुंपणसुद्धा हलवू शकत नाही.”

“पण सातपाटीला तसं वाटतंय ना!”

साहेब कडक होते पण सरळ होते. ते म्हणाले, गिऱ्हाईक कारखानदार आहेत, तेव्हा पहिली बातमी त्यांना. त्यांना अंधारात ठेवून काही करायचं नाही. मी त्यांच्यादेखत फोन लावला. कारखानदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “याचं काही छापलेलं आहे? तारीख असलेलं?” मी म्हटलं, अजून माहीत नाही. “मग माहीत झालं की सांगा,” म्हणाले आणि फोन ठेवला. ते वाईट गृहस्थ नव्हते. माझ्याच धंद्यानं त्यांना शिकवलं होतं की कागद नाही ते नाही.

साहेबांना विचारून मी दुसरा फोन केला तो कॅप्टनना. अर्जावर शोधक म्हणून त्यांचंच नाव होतं, तेव्हा त्यांना कळणं भागच होतं. त्यांनी एकच विचारलं, “समुद्राच्या बाजूनं पाहता येईल का?”

सातपाटीला आम्ही सकाळी गेलो तेव्हा हिराबायचे सासरे, दामू तांडेल, होडीत बसूनच वाट पाहत होते. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. ऐंशी उलटलेले, कमरेत वाकलेले, पण सुकाणूवरचा हात जराही थरथरत नव्हता. कॅप्टननी बूट काढून हातात घेतले आणि पाण्यातून चालत होडीत चढले. मीही साडी खोचून चढले. आयुष्यात पहिल्यांदा मी सातपाटी समुद्रातून पाहणार होते.

बाहेर बऱ्याच अंतरावर जाऊन तांडेलांनी होडी वळवली. खाडीच्या तोंडाशी एका बाजूला पाण्याखाली खडक आणि दुसऱ्या बाजूला वाळूचा दांडा. मधली वाट दोन होड्या शेजारून जाणार नाहीत इतकी अरुंद. किनाऱ्यावर ती पडदी दिसत होती आणि तिच्या फटीत काळा रंग. तांडेलांनी सुकाणू जरासं दाबलं. काळा सरकला, पांढरा आला. मुद्दाम त्यांनी होडी दुसरीकडे नेली, पांढरा गेला, तांबडा आला. कॅप्टननी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

“बसा इकडं,” तांडेल म्हणाले आणि सुकाणू त्यांच्या हातात दिलं. “पान्याकडं बघू नका. पानी फसवतं. फटीकडं बघा.”

कॅप्टननी होडी आत आणायला सुरुवात केली. एकदा तांबडा दिसला, त्यांनी घाईनं सुकाणू फार वळवलं आणि लगेच काळा आला. “हलू,” तांडेल म्हणाले, “तिला कलायला टाइम लागतो. तुमी एकदा सांगा नि थांबा.” कॅप्टन हसले. मला म्हणाले, “बाई, हेच वाक्य मी तीस वर्षं पोरांना सांगत आलोय. अगदी हेच.” पुढे पांढरा हलला नाही. खडकावर फुटणारं पाणी आमच्या उजवीकडून हातभर अंतरावरून गेल्यासारखं मला वाटलं. तांडेल तोवर बिडी शिलगावत होते.

किनाऱ्यावर उतरल्यावर कॅप्टननी पडदी हातांनी चाचपली. फळ्या नव्या-जुन्या होत्या, आणि खांबांच्या शेजारी वाळूत बुजवलेल्या खड्ड्यांची एक रांग होती. “हे काय?” त्यांनी विचारलं.

“पडदी सरकवतो ना,” तांडेल म्हणाले. “पावसाल्यात वालूचा दांडा सरकतो. मंग नारली पुनवेच्या आदी ओहटीला मी हुडी घेऊन जातो, बांबूनं तल बघतो. वाट जिकडं गेली तिकडं पडदी. कंदी हातभर, कंदी दोन हात. माझा बापूस पन सरकवायचा.”

“दर वर्षी?”

“वाट दर वरसाला हलते, तं पडदी नाय का हलनार?”

कॅप्टन माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज उतरला नव्हता. “कारखाना सिमेंटची बसवणार होता, बाई. पहिल्या वर्षी बरोबर असती. दुसऱ्या वर्षी त्या पडदीनं पांढरा दाखवत होडी खडकावर घातली असती. आणि खाली माझं नाव असतं.”

आता प्रश्न कागदाचा. तांडेलांच्या वडिलांपासून चालत आलेलं सगळं खरं, पण ते तारखेसकट मांडायला हवं होतं. मी नोंदीची माणूस. मी सोसायटीत जाऊन विचारलं, जुन्या ठरावांच्या वह्या आहेत का? लोखंडी कपाटातून वाळवी लागलेल्या वह्या निघाल्या. खारट वास, पानं एकमेकांना चिकटलेली. दोन दिवस मी त्या पानांमध्ये बसले आणि वर्षामागून वर्ष एकच ठराव सापडत गेला : खाडीच्या तोंडावरील तिरंगी भिंत रंगवणे व फटीची पडदी सरकवणे, काम दामू तांडेल यांचेकडे. त्याआधीच्या वह्यांत त्यांच्या वडिलांचं नाव. प्रत्येक ठरावाखाली तारीख आणि सूचक-अनुमोदकांच्या सह्या. कुठल्याही पेटंट कचेरीत चालेल असा पुरावा, आणि तो माझ्या संगणकात येणं शक्यच नव्हतं, कारण त्याच्यापर्यंत जायला कपाटाची किल्ली लागत होती.

मी माझा जुना अहवाल काढला आणि सुधारित अहवाल लिहायला घेतला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्याच सहीच्या विरुद्ध लिहिलं : ‘पूर्वीच्या अहवालात आढळले नाही असे म्हटले होते. आढळले आहे. सातपाटी.’ साहेबांनी तो वाचला, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि म्हणाले, “हा तुमचा सर्वांत चांगला अहवाल आहे.” ते कधी कुणाची स्तुती करत नसत, म्हणून ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

कारखानदारांपुढे कॅप्टननी स्वतः सगळं मांडलं. म्हणाले, “होड्यांसाठीची युक्ती माझी नाही, माझ्याआधी ती इथे होती. हे मी शपथेवर लिहून देणार आहे. विमानाला मात्र उंचीही लागते. उभ्या फटीबरोबर आडवी फट घालून एकाच वेळी रेषा आणि उतार दाखवायचा, हे सातपाटीला नाही. तेवढं माझं आहे, तेवढंच मागू.” कारखानदारांनी ठरावांच्या प्रती उलटसुलट पाहिल्या. मग मला म्हणाले, “तारीख असलेलं सापडलं म्हणायचं.” त्यांनी होड्यांचा भाग अर्जातून काढून टाकला आणि सोसायटीत माणूस पाठवून पडदीला कुणी हात लावणार नाही असं कळवलं. उरलेल्या भागाला पुढे पेटंट मिळालंही.

कॅप्टनचं प्रतिज्ञापत्र करायला आम्ही कोळगावला, जिल्ह्याच्या कचेरीत, गेलो. सोबत जोडायच्या कागदांत ठरावांच्या प्रती होत्या, फोटो होते, आणि कॅप्टननी पिशवीतून एक निळ्या कापडी बांधणीची वही काढली. वैमानिकाची उड्डाणवही. प्रत्येक उड्डाण तीत लिहायचं असतं : कुठून, कुठे, शिकणारा कोण, शिकवणारा कोण, आणि शिकवणाऱ्याची सही. उड्डाण थांबल्यापासून तिची पानं कोरी होती. शेवटच्या नोंदीनंतर एक ओळ सोडून त्यांनी त्या सकाळची तारीख घातली होती. कुठून : समुद्र. कुठे : सातपाटी खाडी. शिकणारा : स्वतः. शिकवणाऱ्याच्या रकान्यात दामू तांडेलांची सही होती, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची, एकेक अक्षर सावकाश काढलेली. होडीतून उतरल्यावर मी हिराबायशी बोलत होते, तेव्हा ती घेतली होती.

“हा पुरावा म्हणून चालेल का हो बाई?” कॅप्टननी विचारलं.

खरं म्हणजे त्याची गरज नव्हती. पण मी त्या पानाची प्रत काढली, तिच्यावर परिशिष्टाचा क्रमांक घातला आणि शिक्का मारून घेतला. आता ती त्या अर्जाच्या खुल्या कागदपत्रांत आहे. जगातल्या कुठल्याही माणसाला कुठूनही ती उघडता येते. वैमानिकांच्या यादीत कॅप्टन सबनीस हे मुदत संपलेले शिक्षक आहेत. दामू तांडेल कुठल्याच यादीत नव्हते. आता एका ठिकाणी आहेत, आणि तिथे ते कॅप्टनचे शिक्षक आहेत.

निवृत्त व्हायच्या आधी मी आमच्या अहवालाच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढवला. कुठले देश पाहिले, कुठले वर्ग पाहिले, याच्या खाली आता विचारलेलं असतं : तिथल्या माणसांना विचारले का? नवी मुलं कुरकुर करतात, पण भरतात.

ते पान प्रसिद्ध झाल्यावर मी ते दाखवायला सातपाटीला गेले. तांडेल पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते. हिराबायनं माझा मोबाइल हातात घेतला आणि स्वतःच्या सासऱ्याची सही पाहून ती इतकी मोठ्यानं हसली की शेजारणी गोळा झाल्या. “बाबा, तू इमानवाल्याचा मास्तर झाला!” मी तांडेलांना सगळं समजावून सांगितलं, की हे आता कुणी पुसू शकत नाही, जगभर दिसतं, पडदी सातपाटीचीच म्हणून लिहिलं गेलंय.

तांडेलांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून सही पाहिली, मग पडदीचा फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला.

“ह्यो फोटू मागच्या वरसाचा हाय,” ते म्हणाले. “या वरसाला पडदी दीड हात दक्षिनंला गेली. ते लिवलंस का?”

“नाही, बाबा.”

“मंग तुजा कागद जुना झाला.” त्यांनी मोबाइल मला परत दिला आणि जाळं पुन्हा मांडीवर ओढलं.

अठ्ठावीस वर्षांत माझा अहवाल इतक्या कमी शब्दांत कुणी नापास केला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून एक जाड वही आणली. आता दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधीच्या ओहोटीला मी सातपाटीला जाते. तांडेल होडीत बसून सांगतात, त्यांचा बांबू तळाला लागतो, आणि मी लिहिते : किती हात, कुठल्या दिशेला. शेवटचा रकाना शिकवणाऱ्याच्या सहीचा आहे. शिकणाऱ्याच्या रकान्यात मी माझं नाव लिहिते.